दुसऱ्या रेघेनंतर: हिपॅटायटिस बीची तपासणी आणि उपचार, गावाकडे होतात तसे

हिपॅटायटिस बी (एका विषाणूमुळे होणारा लिव्हरचा रोग) आहे का ते बघा, असं म्हणत आमच्या दवाखान्याच्या खिडकीवर सहसा कुणी येत नाही. सून पोटुशी असते, तिच्या बाकीच्या तपासण्यांसोबत हीही होते. रक्तदान शिबिरात पोरानं रक्त दिलेलं असतं आणि नंतर रक्तपेढीतून फोन येतो. कुणाचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलेलं असतं, कुणाला सिकलसेल या रक्ताच्या आजारामुळे वारंवार रक्त चढवावं लागतं, कुणी डायलिसिसवर असतं. रोग असा आडवाटेनं सापडतो आणि ज्याला सापडतो तो बहुतेक वेळा धडधाकट असतो. म्हणून पहिला प्रश्न ठरलेला असतो, “मले काईच होऊन नाई रायलं, मंग गोई कायले खाऊ?” प्रश्न रास्त आहे, आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत उत्तरही ‘सध्या गोळी नको’ असंच निघतं. पण ते उत्तर काढायला चार-पाच तपासण्या लागतात, त्या दोन-तीन वेगळ्या ठिकाणी होतात, आणि माणसं गळतात ती या मधल्या वाटेवर. पट्टीवर दोन रेघा आल्या, चिठ्ठी मिळाली, चिठ्ठी शर्टाच्या खिशात गेली आणि सोयाबीन कापणीला आलं. तेव्हा इथं जास्त लिहिलंय ते या मधल्या वाटेबद्दल.

पट्टी

उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात होते ती रॅपिड तपासणी. रक्तात एचबीएसएजी, म्हणजे विषाणूच्या बाहेरच्या कवचाचा अंश आहे का, एवढंच ती सांगते. मधल्या बोटाच्या किंवा अनामिकेच्या टोकाला जरा बाजूनं टोचायचं, पहिला थेंब कोरड्या कापसानं पुसून टाकायचा आणि पुढचं रक्त कीटमधल्या ड्रॉपरनं घ्यायचं. रक्ताचे आणि बफरचे थेंब किती, हे कीटनुसार बदलतं. पाकिटातला कागद दर नव्या लॉटला वाचावा, कारण कंपनी बदलली की थेंबही बदलतात आणि हाताला मात्र जुनीच सवय असते. बहुतेक कीटमध्ये निकाल पंधरा ते वीस मिनिटांत वाचायचा असतो. ‘सी’ची (कंट्रोलची, म्हणजे पट्टी चालते का ते दाखवणारी) रेघ आलीच नाही तर तपासणी बाद, मग ‘टी’ची (टेस्टची) रेघ कितीही ठळक असो. दोन्ही रेघा आल्या तर पॉझिटिव्ह, आणि ‘टी’ची रेघ फिकट असली तरी पॉझिटिव्हच धरायचं.

चूक होते ती वेळेची. चाळीस जणींच्या एएनसी, म्हणजे गरोदरपणाच्या, तपासणीच्या दिवशी पट्ट्यांची कार्डं ओळीनं मांडली जातात, मधेच एखादी बाई चक्कर येऊन पडते आणि तासाभरानं कुणीतरी कार्डं वाचतं. तोवर पट्टी सुकत जाते आणि जिथं काही नव्हतं तिथं पुसटशी सावली उमटते. प्रत्येक कार्डावर पेन्सिलीनं नंबर आणि थेंब टाकल्याची वेळ लिहिली तर हा घोळ टळतो. उशिरा वाचलेलं कार्ड फेकून द्यावं आणि नवं लावावं. कार्ड महाग नाही. एखाद्या घरात उगाच खळबळ उडते, ती मात्र महाग पडते.

दुसरा शत्रू आपला उन्हाळा. ही कीटं साधारण २ ते ३० अंशांत ठेवायची असतात. मे महिन्यात अकोला किंवा चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो आणि पत्र्याच्या शेडखाली उभ्या गाडीच्या डिकीत त्याहूनही जास्त. दुपारभर डिकीत राहिलेलं खोकं बाहेरून ठणठणीत दिसतं. अशा कीटमध्ये कधी ‘सी’ची रेघ येत नाही, आणि ते परवडलं, कारण निदान कळतं तरी. ‘सी’ येते पण ‘टी’ कमजोर पडते, ते जास्त घातक. शिबिराला निघताना कीट लसीच्या डब्यासारखं सावलीत न्यावं आणि परतताना उरलेलं आठवणीनं खाली उतरवावं. फ्रिजमधलं कीट असेल तर पाकीट न फोडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं. पावसाळ्यात उलटी गत. पाकीट फोडून ठेवलं की पट्टी हवेतला ओलावा पिते आणि रक्त नीट सरकत नाही, म्हणून माणूस समोर बसल्याशिवाय पाकीट फोडू नये.

टोचलेली लॅन्सेट पांढऱ्या, टोचून फाटणार नाही अशा डब्यात. टेबलावर रक्त सांडलं तर आधी एक टक्का हायपोक्लोराइट ओतून तीस मिनिटं थांबायचं आणि मग पुसायचं. हा विषाणू सुकलेल्या रक्तात निदान सात दिवस जिवंत राहतो. एचआयव्हीच्या भीतीनं हातमोजे घालणारी माणसं या विषाणूला हलक्यात घेतात. खरं तर लस न घेतलेल्या माणसाला सुई टोचली तर एचआयव्हीपेक्षा याचीच लागण कितीतरी सहज होते.

पक्कं निदान

पट्टी पॉझिटिव्ह आली की शिरेतलं रक्त घेऊन एलायझा ही प्रयोगशाळेतली तपासणी करायची. ही सोय ग्रामीण रुग्णालयात असतेच असं नाही, जिल्हा रुग्णालयात असते. पाठवण्याआधी एक विचारून घ्यावं: गेल्या दोन-तीन आठवड्यांत हिपॅटायटिस बीची लस घेतली होती का? लसीत तोच एचबीएसएजी असतो, त्यामुळे लसीनंतर थोडे दिवस तपासणी पॉझिटिव्ह येऊ शकते. नव्यानं रुजू झालेल्या सिस्टर आणि नर्सिंगच्या पोरींबाबत हे आधी विचारावं.

संसर्ग जुना आहे की ताजा, हे एका अहवालावरून ठरत नाही. सहा महिन्यांच्या अंतरानं दोनदा एचबीएसएजी पॉझिटिव्ह आला तर तो जुनाट धरतात. मोठ्या माणसाला ताजी लागण झाली तर शंभरातल्या पंच्याण्णव जणांच्या शरीरातून विषाणू आपोआप निघून जातो. जन्माच्या वेळी आईकडून लागण झाली तर मात्र दहापैकी नऊ बाळांत तो कायमचा राहतो. म्हणून पन्नाशीत अचानक सापडलेला संसर्ग बहुधा त्याच्या लहानपणापासूनचा असतो. नवरा-बायकोत भांडण पेटण्याआधी ही गोष्ट दोघांनाही समोर बसवून सांगावी लागते. ताजी कावीळ असेल, एसजीपीटी (लिव्हरच्या पेशी दुखावल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) हजाराच्या घरात असेल, तर अँटी-एचबीसी आयजीएम (ताज्या लागणीत तयार होणारी अँटीबॉडी) तपासतात. तो पॉझिटिव्ह असेल तर लागण बहुधा ताजी. पण सहा महिने थांबा म्हणजे बाकीच्या तपासण्याही थांबवा, असं नाही. लिव्हर आत्ता कुठल्या अवस्थेत आहे ते आत्ताच बघायचं असतं.

चिठ्ठीबद्दल थोडं. ‘एचबीएसएजी पॉझिटिव्ह, रेफर’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी निरुपयोगी. जिल्हा रुग्णालयात उतरल्यावर कुठल्या खोलीत जायचं, कुठल्या वारी, सोबत काय न्यायचं, उपाशी जायचं का, हे मागच्या बाजूला मराठीत लिहिलेलं हवं. (या तपासण्यांना उपाशी राहावं लागत नाही. सोनोग्राफी त्याच दिवशी असेल तर सहा तास उपाशी.) २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषध मोफत आहे. तेही चिठ्ठीवर लिहावं, कारण ‘लिव्हर’ म्हटलं की लोक आधी जमिनीचा हिशोब करतात. २८ जुलै हा बारूक ब्लुमबर्ग यांचा जन्मदिवस. हा विषाणू त्यांनी शोधला आणि १९७६ चं नोबेल त्यांना मिळालं.

आकडे कसे वाचायचे

पहिल्या फेरीत काढतात ते असं: एसजीपीटी, एसजीओटी (तसंच दुसरं एन्झाइम), बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य), अल्ब्युमिन, प्लेटलेटसकट रक्ताची पूर्ण तपासणी, प्रोथ्रॉम्बिन टाइम (रक्त गोठायला लागणारा वेळ), क्रिएटिनिन (किडनीचा आकडा), एचबीईएजी (विषाणू जोरात वाढत असल्याची खूण), हिपॅटायटिस सी, एचआयव्ही आणि पोटाची सोनोग्राफी. एचआयव्हीची तपासणी इथं शिष्टाचार म्हणून नाही. हिपॅटायटिस बीची मुख्य गोळी टेनोफोविर एचआयव्हीवरही चालते. एचआयव्ही असताना ही एकटीच दिली तर तो विषाणू औषधाला सरावतो आणि पुढचे उपचार अवघड होतात.

एसजीपीटीचा आकडा वाचताना छापील मर्यादेवर विसंबू नये. बहुतेक लॅबच्या कागदावर ४० किंवा ४५ पर्यंत नॉर्मल छापलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात वरची मर्यादा पुरुषांसाठी ३० आणि बायकांसाठी १९ धरली आहे. एखाद्या ताईचा एसजीपीटी ३८ आला, कागदावर त्यासमोर चांदणी नाही, म्हणून ‘सगळं नॉर्मल’ सांगून घरी पाठवलं, असं सर्रास होतं. तो आकडा तिच्यासाठी दुप्पट आहे.

लिव्हर किती निबर झालं आहे हे बघायला फायब्रोस्कॅन चांगलं, पण ते यंत्र मोठ्या शहरात. तोवर साध्या रक्ताच्या आकड्यांवरून एपीआरआय हा अंदाजाचा आकडा काढता येतो. एसजीओटीला लॅबच्या वरच्या मर्यादेनं भागायचं, त्याला शंभरनं गुणायचं आणि प्लेटलेटच्या हजारातल्या आकड्यानं भागायचं. एसजीओटी ८०, मर्यादा ४०, प्लेटलेट १ लाख ६० हजार. म्हणजे ८० भागिले ४० बरोबर २, गुणिले १०० बरोबर २००, भागिले १६० बरोबर १.२५. मोठ्या माणसात ०.५ च्या वर गेला तर लिव्हरमध्ये लक्षणीय जाळं (फायब्रोसिस, म्हणजे व्रणासारखे तंतू) धरलं आहे असं मानतात आणि १ च्या वर सिरोसिसची (लिव्हर निबर आणि गाठाळ झाल्याची) शंका घेतात.

सूत्र सोपं आहे म्हणून डोळे झाकून वापरू नये, आणि आपल्या भागात तर मुळीच नाही. पावसाळ्यानंतर डेंग्यूची साथ असते, त्यात प्लेटलेट पडतात आणि एसजीओटी चढतो, मग ठणठणीत लिव्हरचा एपीआरआयही २ दाखवतो. ताप गेल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा रक्त घ्यावं. सिकलसेलच्या पेशंटमध्ये रक्तपेशी फुटल्यामुळे एसजीओटी वाढलेला असतो आणि प्लीहा निकामी झाली असेल तर प्लेटलेट उलट जास्त असतात. आकडा कुठल्याही बाजूला झुकू शकतो, तिथं फायब्रोस्कॅनलाच पाठवावं. दारूनंही एसजीओटी चढतो. वर्धा आणि गडचिरोली दारूबंदीचे जिल्हे आहेत म्हणून तिथं हा प्रश्न विचारायचा नाही, असं कुणी समजू नये. मोहाची विचारावी, आणि रोज किती ते ग्लासात विचारावं.

सिकलसेलवरून आणखी एक. आपल्याकडे “डोये पिवये दिसून रायले” म्हणत आलेल्या पोराला हिपॅटायटिसच असेल असं नाही. सिकलसेलमध्येही डोळे पिवळे राहतात. बिलिरुबिनचा अप्रत्यक्ष भाग जास्त आणि एसजीपीटी नॉर्मल असेल तर आधी तिकडे बघावं. आणि दोन्ही एकत्र असू शकतात, कारण वारंवार रक्त चढलेलं असतं.

व्हायरल लोड

रक्तात विषाणू किती हे मोजणारी ही तपासणी. इथंच सगळ्यात जास्त नमुने वाया जातात. रक्त जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घ्यायचं, साधारण ४ ते ५ मिली, आणि ट्यूब हळूच आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करायची. हलवून फेस काढायचा नाही. हिरव्या झाकणाची ट्यूब चालत नाही, तिच्यातलं हेपारिन पीसीआर, म्हणजे विषाणू मोजण्याची प्रक्रिया, अडवतं. त्याच दिवशी सेंट्रिफ्यूज करून प्लाझ्मा वेगळा करावा आणि पुढे थंड साखळीत पाठवावा. पूर्ण रक्ताची ट्यूब थेट डीप फ्रिजरमध्ये टाकली की पेशी फुटतात आणि नमुना गेला. गोठलेला प्लाझ्मा वाटेत वितळला आणि पुन्हा गोठवला तर आकडा खाली येऊ शकतो. वीज जाते, जनरेटरला डिझेल नसतं, हे धरूनच नमुना घेण्याचा दिवस ठरवावा. ज्या दिवशी गाडी जिल्ह्याला जाते त्याच सकाळी रक्त घेणं बरं, आदल्या संध्याकाळी नाही. ट्यूबवरचं नाव आणि फॉर्मवरचं नाव आधार कार्डाप्रमाणे एकच असावं. माहेरचं नाव एकीकडे, सासरचं दुसरीकडे झालं की नमुना परत येतो.

अहवाल येतो आययू प्रति मिलीमध्ये. कुणाचा ३००, कुणाचा तीन कोटी. तीन कोटीवाला हादरतो आणि ३०० वाला सुटलो म्हणून निघून जातो. दोघांचाही समज चुकीचा ठरू शकतो. लोड म्हणजे विषाणू किती हे कळतं, लिव्हरचं किती नुकसान झालं ते कळत नाही. विशीतल्या पोरात लोड कोटीत आणि एसजीपीटी नॉर्मल असं वर्षानुवर्षं चालू शकतं. आणि सिरोसिस झालेल्या म्हाताऱ्याचा लोड कमी असतो, तरी त्याला गोळी लागते.

गोळी कुणाला

शेवटचा निर्णय उपचार केंद्रातले डॉक्टर घेतात. ढोबळ मांडणी अशी. सिरोसिस असेल किंवा जाळं धरलेलं असेल तर लोड आणि एसजीपीटी काहीही असो, उपचार सुरू. लोड २,००० च्या वर आणि एसजीपीटी मर्यादेच्या वर असेल तर सुरू. एचआयव्ही, हिपॅटायटिस सी किंवा डी सोबत असेल, घरात कुणाला लिव्हरचा कॅन्सर किंवा सिरोसिस झालेला असेल, मधुमेह असेल, तरीही विचार उपचाराकडेच झुकतो. पोटात पाणी, रक्ताची उलटी, बरळणं किंवा गुंगी असेल तर खिडकीवर न थांबवता थेट नागपूर, सेवाग्राम किंवा यवतमाळच्या मेडिकलला पाठवायचं.

ज्यांना आत्ता गोळी नको त्यांची फाइल बंद करायची नाही. त्यांनी तीन ते सहा महिन्यांनी एसजीपीटी आणि वर्षातून एकदा लोड करायचा. हाच गट सगळ्यात आधी हरवतो. ‘गोळी नाही म्हणजे रोग नाही’ असा अर्थ लावला जातो आणि त्याला दोष आमच्या बोलण्याचाही असतो. “काही नाही, जा” असं म्हणू नये. “भाऊ, दिवाळीनंतर पुन्हा रक्त द्यायला या, ही तारीख” असं म्हणावं.

गोळ्या मुख्यतः तीन. टेनोफोविर डीएफ ३०० मिग्रॅ रोज एक, जेवणाआधी किंवा नंतर कधीही. टेनोफोविर एएफ २५ मिग्रॅ रोज एक, जेवणासोबत. एन्टेकॅविर ०.५ मिग्रॅ रोज एक आणि पूर्ण रिकाम्या पोटी, म्हणजे जेवणानंतर दोन तासांनी आणि पुढच्या जेवणाआधी दोन तास. आधी लॅमिव्ह्युडिन ही जुनी गोळी खाऊन ती निकामी ठरलेली असेल तर एन्टेकॅविर टाळतात, किंवा द्यायचीच झाली तर १ मिग्रॅ देतात. पहाटे शेतावर जाणाऱ्या माणसाला एन्टेकॅविर रात्री झोपताना सोपी पडते. जेवण सात वाजता आटोपलेलं असावं एवढंच.

टेनोफोविर डीएफ सुरू करण्याआधी किडनी बघतात आणि इथं नुसत्या क्रिएटिनिनवर फसगत होते. साठ वर्षांची मावशी, वजन ४० किलो, क्रिएटिनिन १.१. कागदावर ठीक दिसतं. पण हिशोब करा. १४० वजा वय म्हणजे ८०, गुणिले वजन ४० म्हणजे ३,२००, भागिले ७२ गुणिले १.१ म्हणजे ७९.२, उत्तर साधारण ४०. बाई म्हणून ०.८५ नं गुणलं की ३४. हा आकडा म्हणजे क्लिअरन्स, किडनी मिनिटाला किती मिली रक्त गाळते त्याचा अंदाज. तो ३० ते ४९ मध्ये आला तर टेनोफोविर डीएफ दिवसाआड देतात, किंवा दुसरी गोळी निवडतात. आपल्याकडच्या बारीक अंगकाठीच्या, कष्टकरी बायकांमध्ये हा हिशोब न करता ३०० मिग्रॅ रोज लिहिणं बरोबर नाही.

किडनीचा दुसरा वैरी म्हणजे अंगदुखीची गोळी. वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी डायक्लोफेनॅक खाणं भाकरीइतकं नेमाचं झालं आहे. टेनोफोविर, डायक्लोफेनॅक आणि मे महिन्यात उन्हात आटलेलं पाणी, हे तिन्ही एकत्र आले की क्रिएटिनिन चढतो. दुखलंच तर पॅरासिटामॉल, तीही दिवसाला २ ग्रॅमच्या आत, आणि सिरोसिस असेल तर डॉक्टरांना विचारून. गुडघेदुखीच्या, दम्याच्या अनोळखी पुड्यांत स्टिरॉइड असू शकतं. त्यानं शांत बसलेला विषाणू उसळतो. टीबीची औषधं किंवा केमोथेरपी सुरू होणार असेल तर हिपॅटायटिस बी आहे हे तिथल्या डॉक्टरांना आधी सांगायचं.

गोळी विषाणूला वाढू देत नाही, मुळासकट काढत नाही. त्याच्या डीएनएची एक गोल प्रत लिव्हरच्या पेशीच्या केंद्रकात बसून राहते आणि गोळी तिथं पोचत नाही. म्हणून बहुतेकांना गोळी वर्षानुवर्षं, बऱ्याचदा जन्मभर लागते. वर्ष-दोन वर्षांत लोड ‘डिटेक्ट झाला नाही’ असा येतो आणि नेमकं तेव्हाच माणूस गोळी सोडतो. अचानक सोडली की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत विषाणू उसळू शकतो, आणि सिरोसिसवाल्याच्या जिवावर बेततं. गोळी चुकली आणि बारा तासांच्या आत आठवली तर घ्यावी. उशीर झाला तर पुढची तिच्या वेळेला, दोन एकदम नाही. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्यांनी निघण्याआधी केंद्रात सांगावं, म्हणजे जिथं जाणार त्या जिल्ह्यातल्या केंद्राच्या नावे कागद करून देता येतो. गोळीच्या डब्यावर मोबाइलमध्ये शोधून ‘ही तर एड्सची गोळी’ असं एखादा पुतण्या घरात सांगतो. हे पहिल्याच दिवशी आपणच सांगून टाकलेलं बरं.

सिरोसिस असेल त्यानं दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी (लिव्हरच्या कॅन्सरचा इशारा देणारी रक्ततपासणी) करायची, लोड शून्य असला तरी. कॅन्सर लहान असताना सापडला तर काही करता येतं. ज्याला कॅन्सरची घरची पार्श्वभूमी आहे, त्यानंही. बुरशी धरलेले शेंगदाणे, मका टाकून द्यावेत. त्यातलं अफ्लाटॉक्सिन आणि हा विषाणू मिळून कॅन्सरचा धोका कैक पटींनी वाढवतात. हळद, तेल, ‘पिवळं’ बंद करण्याची काहीच गरज नाही.

काविळीचा उतारा करणाऱ्यांविषयी एकच. आधी हाताला झाडाच्या सालीचा रस चोळतात, मग चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतात आणि पाणी पिवळं होतं. तो रंग सालीचा, रक्तातला नव्हे. ते करायचं तर करा, पण पोटात झाडपाला घेऊ नका आणि गोळी थांबवू नका.

पोटुशी बाई आणि बाळ

बाळाची लागण टाळता येते, आणि ती टाळण्याची मुदत तासांत मोजतात. आईचा लोड २ लाखांच्या वर असेल किंवा एचबीईएजी पॉझिटिव्ह असेल तर तिसऱ्या तिमाहीच्या सुरुवातीपर्यंत टेनोफोविर सुरू व्हायला हवं. म्हणजे लोडचा नमुना पाचव्या-सहाव्या महिन्यातच जायला हवा. आठव्या महिन्यात पाठवलेल्या नमुन्याचा अहवाल बाळ आल्यावर येतो. जन्मल्यावर २४ तासांच्या आत लसीचा पहिला डोस ०.५ मिली मांडीत. आई पॉझिटिव्ह असेल तर बारा तासांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन) ०.५ मिली दुसऱ्या मांडीत. पुढे ६, १०, १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलेंट, म्हणजे हीही लस सामावलेली पाच रोगांवरची एकत्र लस.

इथं काय बिघडतं? पहिलं बाळंतपण माहेरी. तपासण्या झाल्या सासरच्या आरोग्य केंद्रात, रजिस्टर तिथं, आणि पोरगी प्रसूत होते दुसऱ्या तालुक्यात. तिथल्या सिस्टरला काहीच ठाऊक नसतं. पोरीनंही सांगितलेलं नसतं, कारण भावजय शेजारी उभी असते. माता-बाल संरक्षण कार्डावर निकाल लिहिलेला असावा आणि माहेरच्या आशाताईंना बाईच्या संमतीनं फोन गेलेला असावा. इम्युनोग्लोब्युलिन ग्रामीण रुग्णालयाच्या फ्रिजमध्ये पडलेलं नसतं, ते नववा महिना लागताच मागवून ठेवावं लागतं. मेळघाट किंवा भामरागडकडे नाल्याला पूर आला की गाडी अडते, तिथं माहेरघराची (बाळंतपणाआधी येऊन राहण्याच्या खोलीची) सोय असेल तर तारखेच्या आधीच तिला आणून ठेवणं शहाणपणाचं. रविवारी झालेल्या बाळाला ‘लसीकरण सोमवारी’ म्हणू नये.

लस गोठली की निकामी होते. उन्हाचं सगळ्यांना भय असतं आणि म्हणूनच कुणीतरी ती बर्फाला चिकटवून ठेवतं. आइसपॅक बाहेर काढून, आत पाणी हलल्याचा आवाज येईपर्यंत थांबावं, मगच लसीच्या डब्यात ठेवावेत. शंका आली तर शेक टेस्ट. गोठून वितळलेली लस हलवून ठेवली की तळाशी लवकर गाळ बसतो.

आईनं दूध पाजावं, टेनोफोविर चालू असतानाही. प्रसूतीनंतर गोळी थांबवली तर तिचा एसजीपीटी काही महिने बघत राहावा. बाळाची तपासणी नऊ महिने पूर्ण झाल्यावर. गोवर-रुबेलाच्या डोसाला ते येणारच असतं, त्याच दिवशी एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएससाठी (लसीनं मिळालेलं संरक्षण मोजणाऱ्या तपासणीसाठी) रक्त घ्यावं. त्याआधी घाई करू नये, लसीचा आणि इम्युनोग्लोब्युलिनचा परिणाम अहवालात मिसळतो.

घरची माणसं

एकत्र जेवणं, एका माठातलं पाणी, मिठी, नातवाचा पापा, यानं काही होत नाही. ताट वेगळं करू नये. वेगळं हवं ते ब्लेड, टूथब्रश, नेलकटर. जत्रेत गोंदताना आणि न्हाव्याकडे दाढी करताना सुई आणि ब्लेड आपल्यासमोर नवं काढायला लावायचं. जरा कणकण आली की ‘सुई मारा’ म्हणून मागे लागायचं नाही. बाळांना ही लस देशभर मिळू लागली २०११ च्या सुमारास, म्हणजे घरातली बहुतेक मोठी माणसं लसीविना आहेत.

घरातल्या सगळ्यांची आधी पट्टी करायची. निगेटिव्ह असतील त्यांना लस, मोठ्यांना १ मिली, आज, एका महिन्यानं आणि सहाव्या महिन्यानं. दंडात द्यायची, कुल्ल्यात दिली तर नीट लागत नाही. नवरा-बायकोपैकी दुसऱ्याला संरक्षण मिळेपर्यंत कंडोम. तिसरा डोस हमखास राहतो, तेव्हा पहिल्याच दिवशी तिसऱ्याची तारीख कॅलेंडरवर घरात लावून द्यावी. उशीर झाला तरी पहिल्यापासून सुरुवात करायची नाही, राहिलेला डोस तेवढा द्यायचा. शेवटच्या डोसानंतर एक-दोन महिन्यांनी नवऱ्याचं किंवा बायकोचं अँटी-एचबीएस करून बघावं. १० किंवा वर आला तर संरक्षण मिळालं. १० च्या खाली आला तर तीन डोस पुन्हा, आणि त्यानंतर पुन्हा हीच तपासणी.